वडिलांची ७८ची पद्मिनी: सीट, छत, डोअर पॅड, फ्लोअर, आतलं सगळं काम काढलंय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी १९७८ची प्रीमिअर पद्मिनी आहे. वडिलांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. ते गेल्यावर आठ वर्षं ती कऱ्हाडच्या घरामागच्या शेडमध्ये उभी होती. गेल्या वर्षी इंजिन करून घेतलं. १०८९ सीसीचं ते इंजिन आता पहिल्या सेल्फला उठतं. गिअर स्टिअरिंगच्या दांडीवरच आहे आणि पुढची सीट अखंड, बाकासारखी. बाहेरचा रंगही बरा आहे.

आतली अवस्था मात्र बघवत नाही. छताचं लायनिंग मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या डोक्याला लागतं. पुढची सीट ड्रायव्हरच्या बाजूला खचली आहे. रेक्झिन शिवणीवर उसवलंय आणि बसलं की खाली काथ्याचा भुसा पडतो. चारही डोअर पॅड (दारांना आतून लावलेले रेक्झिनचे बोर्ड) खालून फुगलेत. स्टिअरिंगला तीन ठिकाणी तडे आहेत. आणि दार उघडलं की कुबट वास येतो.

काही वर्षांपूर्वी एका दुकानातून सीट कव्हरं घालून घेतली होती. त्यांनी मूळ रेक्झिनमधूनच खिळे ठोकले, ते आता कव्हर काढल्यावर दिसलं. त्यामुळे या वेळी दुसऱ्या एका कुशनवाल्याने "जुनं सगळं फेकून द्या, दोन दिवसांत नवं करून देतो" म्हटल्यावर मी गाडी परत घरी आणली.

आईला याच गाडीतून एकदा महाबळेश्वरला जायचंय. मला घाई करायची नाही, पण सुरुवात कुठून करू ते कळत नाहीये. ज्यांनी अशी कामं केलीत त्यांनी कृपया सांगा.

कुर्ला_१०८९

दादा, गाडी परत आणलीत ते फार बरं केलंत.

माझे मामा प्रीमिअरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात कामाला होते, त्यामुळे या गाड्या मी लहानपणापासून बघतोय. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. आपल्याकडे फियाट अकराशे डिलाइट १९६४ पासून आली, तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. बॉडी तीच राहिली. म्हणून पाणी शिरायच्या जागाही सगळ्यांच्या त्याच.

मुद्दा पाण्याचाच आहे. कुबट वास येतोय म्हणजे सीटच्या आधी फ्लोअर. पाणी कुठून येतं ते सापडल्याशिवाय सुईदोऱ्याला हात लावू देऊ नका. नवीन रेक्झिन घालाल आणि दोन पावसाळ्यांत खालून पत्रा जाईल.

असं करा. सीटा बाहेर काढा, रबरी मॅट काढा, मॅटखालचं तागाचं नमदं (जाड दाबलेला थर) काढा. ते नमदं म्हणजे स्पंज आहे, एकदा भिजलं की महिनोन् महिने पत्र्याला ओलं धरून ठेवतं. फ्लोअर कोरडा करा. मग एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी मारायचं. जोरात नाही, पाऊस पडतो तसं. आणि खालून वर जायचं: आधी दाराचा खालचा भाग, मग काच, मग वायपरखालची जाळी, शेवटी छप्पर. वरून सुरू केलंत तर सगळीकडूनच ओघळ येतात आणि काहीच समजत नाही. प्रत्येक जागी पाच मिनिटं तरी द्या.

बघायच्या जागा: पुढच्या आणि मागच्या काचेचं रबर, दाराच्या त्रिकोणी काचेचं रबर, वायपरखालून हवा येते ती पेटी (तिच्या निचऱ्याच्या वाटेत पाला अडकतो), दाराच्या तळाची भोकं, डिकीचं बीडिंग.

कृष्णाकाठ

धन्यवाद! रविवारी मी आणि भाचा, दोघांनी मिळून केलं.

मॅट उचलली तर ड्रायव्हरची टाच टेकते तिथला पत्रा नुसता पोपडा झालेला. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. बाकी फ्लोअर वरवर गंजलाय पण ठणठणीत वाजतो.

पाणी दोन ठिकाणी सापडलं. पुढच्या काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून थेंब थेंब येऊन डॅशच्या मागून खाली उतरतं. दुसरं मला अपेक्षितच नव्हतं: डाव्या मागच्या दाराच्या आत पाणी चक्क साठलेलं! दार हलवलं की डचमळायचं. तळाची भोकं मातीने बुजली होती. सायकलच्या स्पोकने टोकरली, तर तांब्याभर गढूळ पाणी निघालं.

कुर्ला_१०८९

डोअर पॅड का फुगले त्याचं उत्तर ते तांब्याभर पाणी आहे. दाराच्या आत पाणी जाणं चूक नाही. काच खाली घेतो तेव्हा काचेवरचं पाणी आतच उतरतं, आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. अट एवढीच की पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद हवा. तुमच्या गाडीला तो आहे का बघा. बहुतेक गाड्यांत कधीतरी काच दुरुस्त करताना कोणीतरी फाडून टाकलेला असतो.

टाचेखालचा पत्रा कापून नवीन तुकडा वेल्ड करून घ्या. नुसती लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारणारा भेटला तर नमस्कार करून पुढे व्हा. वेल्डिंगआधी बॅटरी सोडायची, आणि आतलं जे जळू शकतं ते सगळं बाहेर. बाकीचा वरवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून रस्ट कन्व्हर्टर लावा, तो काळा पडला की रेड ऑक्साइड, मग रंग. जोडांवर सीलर. फ्लोअरला मुळात डांबरी शीट असतात, आवाज आणि कंप मारायला. निघालेल्या जागी तशाच नवीन चिकटवा, पण पत्रा कडक उन्हात पूर्ण वाळल्यावरच. ओलाव्यावर डांबर चिकटवलं तर गंज आतल्या आत वाढतो आणि डोळ्यांना दिसतही नाही.

सुईदोरा

उशीर झाला उत्तराला, सीझन होता. कोल्हापुरात आमचं कुशनचं दुकान आहे, वडील आणि मी. आता कामं जास्त करून ट्रॅक्टर आणि बसच्या सीटची, पण जुनी गाडी आली की वडील दुसरं काम बाजूला ठेवतात.

तुमच्या त्या कुशनवाल्याला दोष देत नाही. गिऱ्हाईक घाई करतं म्हणून तोही तसंच काम करतो. पण "जुनं फेका" हे बरोबर नाही. जुनं रेक्झिन म्हणजे तुमचा नमुना. ते गेलं की माप गेलं.

सीट उलटी करा. खालून रेक्झिन फ्रेमला लोखंडी रिंगांनी आवळलेलं असतं. ओढू नका, कटरने एकेक रिंग तोडा. कव्हर निघालं की उसवण्याआधी खडूने प्रत्येक तुकड्यावर नंबर आणि वरची दिशा लिहा, शिवणीवर आडव्या खुणा करा म्हणजे नवे तुकडे जोडताना सरकत नाहीत. मग ब्लेडने शिवण उसवा. फोटो काढत राहा. जुना तुकडा ताणलेला असतो, हुबेहूब कापलात तर नवीन कव्हर ढिलं बसतं. आमचे वडील मापात थोडं खातात. किती, ते हाताला कळतं.

मूळ रंग बघायचा असेल तर सीटच्या खाली दुमडलेला भाग बघा. तिथे ऊन लागलेलं नसतं. वर जो रंग दिसतो तो पंचेचाळीस वर्षांच्या उन्हाचा आहे.

आता आतलं. स्प्रिंग, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्या, त्यावर कापसाचा थर आणि मग रेक्झिन, असं ते रचलेलं असतं. गोणपाट कशाला, तर स्प्रिंगांनी काथ्या कातरू नये म्हणून. तो कुजला की स्प्रिंग काथ्यात घुसते आणि तुम्ही म्हणता तसा भुसा पडतो. ड्रायव्हरच्या बाजूला एक-दोन स्प्रिंगा तुटलेल्या निघतील. नुसतं वरून फोम भरून लेव्हल करू नका, स्प्रिंगच बदला.

हल्ली दुकानात काय करतात, स्प्रिंग-काथ्या काढून अख्खा फोमचा ठोकळा टाकतात. दिसायला झकास. पण सीट दोन-अडीच इंच वर येते. मांड्या स्टिअरिंगला लागतात, उंच माणसाचं डोकं छताला. शिवाय फोममधून हवा खेळत नाही, मे महिन्यात पाठ भिजते. काथ्यातून हवा फिरते. काथ्या चांगला असेल तर उन्हात वाळवून, झटकून परत वापरा. नसेल तर रबर मारलेल्या काथ्याच्या गाद्या मिळतात, त्यातून कापून घ्या. फोम हवाच असेल तर वरच्या थराला फक्त अर्धा-पाऊण इंच, ४० डेन्सिटीचा.

शिवताना दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा, सुती नको. टाके इंचाला सहा-सात. बारीक टाका दिसायला सुंदर, पण रेक्झिनला इतकी भोकं पडतात की ते पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. चढवण्याआधी कव्हर अर्धा तास उन्हात ठेवा. गरम रेक्झिन ताणलं जातं, थंड झालं की आवळून बसतं. हिवाळ्यात सकाळी चढवलेल्या सीटला सुरकुत्या हमखास.

गोदाकाठ

सुईदोरा, माहिती उत्तम, पण थोडं वेगळं मत मांडतो. इतका खर्च करतोच आहात तर चामड्याची सीट का नको? खाली काळं कार्पेट, सीटला लेदर, पुढे दोन वेगळ्या सीटा. आईंना महाबळेश्वरचा घाट आहे, वेगळी सीट पाठीला आधार देईल. गाडी वापरायची आहे, संग्रहालयात ठेवायची नाही.

सुईदोरा

आधाराचं म्हणणं पटतं. पण तो बाकाच्या पाठीतही देता येतो. पाठीच्या खालच्या तृतीयांशात काथ्या थोडा जास्त भरायचा, वरून कळतही नाही. आमच्याकडे कंबरदुखीची गिऱ्हाइकं तसं करून घेतात.

कार्पेटला मात्र माझा विरोध आहे. रबरी मॅट खालून पुसता येते, उचलून वाळवता येते. कार्पेट चिकटवलंत की फ्लोअर परत दिसणारच नाही, आणि ज्या गाडीच्या फ्लोअरला आताच भोक पडलंय तिचा फ्लोअर दिसलाच पाहिजे.

कृष्णाकाठ

गोदाकाठ, मीही आधी तोच विचार केला होता. पण आईला विचारलं तर ती म्हणाली, "पुढे तिघं बसायचो आपण." मी, ती आणि बाबा. मी मधे, गिअर वर दांडीला असल्यामुळे पाय आरामात सोडून. दोन सीटा केल्या तर ती मधली जागाच जाईल. बाक ठेवतोय.

खचलेल्या बाजूच्या तीन स्प्रिंगा तुटलेल्या निघाल्या. आणि सीटच्या खालच्या दुमडीत रंग दिसला. आम्ही इतकी वर्षं सीट तपकिरी समजत होतो. ती लाल होती! गडद, डाळिंबी लाल. आईला दाखवलं तर म्हणाली, "हो, लालच होती की." घरात कोणी विचारलंच नव्हतं तिला.

मृदगंध

किती सुंदर! लालच करा.

छताबद्दल मी सांगते. माझ्या आजोबांची डिलाइट आहे, तिचं लायनिंग मी आणि भावाने घरी केलं, दोनदा. पहिल्यांदा बिघडलं, म्हणून कुठे चुकतं ते नीट माहीत आहे.

लायनिंग छपराला चिकटवलेलं नसतं. आडव्या तारांवर टांगलेलं असतं. कापडाच्या वरच्या बाजूला आडवे बोगदे शिवलेले असतात, त्यांतून तार जाते आणि तारेची टोकं दोन्ही बाजूंच्या भोकांत बसतात. प्रत्येक तारेचा बाक वेगळा असतो. पहिल्यांदा आम्ही सगळ्या तारा काढून एका कोपऱ्यात उभ्या करून ठेवल्या, आणि परत लावताना छताला मधेच पोक आलं. तुम्ही काढतानाच प्रत्येक तारेला कागदी पट्टी चिकटवून पुढून कितवी, डावं टोक कोणतं, हे लिहा. काही ठिकाणी टोकाला एकापेक्षा जास्त भोकं असतात, कुठल्या भोकात होती तेही लिहा.

पुढच्या आणि मागच्या काचा काढाव्याच लागतात, कारण कापडाची कड काचेच्या रबराखाली जाते. तुमच्या पुढच्या काचेचं रबर तसंही बदलायचंय, तेव्हा दोन्ही एकाच खेपेत करा. आधी काच बसवून मग छत करायला निघालात तर रबर दुसऱ्यांदा काढावं लागेल. छतातल्या दिव्याची वायर बॅटरी सोडूनच खोला.

जुनं लायनिंग फाडू नका. ते अंथरून त्यावरून नवीन कापा, चारी बाजूंना दोन इंच जास्त ठेवून. बोगद्यांच्या जागा हुबेहूब. मधली रेष काढा, छपरावरही आणि कापडावरही. मग तारा ओवून मागून पुढे टांगत या. आधी पुढची आणि मागची कड मधोमध ताणून चिमट्यांनी धरा (आम्ही वाळत घालायचे चिमटे वापरले, ते निसटतात, फायलींचे लोखंडी चिमटे आणा). मग बाजू. आम्ही पहिल्यांदा बाजू आधी ताणल्या. त्याने तारा वाकड्या झाल्या आणि सुरकुत्या तिरक्या पडल्या, त्या काही केल्या गेल्या नाहीत.

सगळं चिमट्यांवर एक दिवस राहू द्या. दुपारी उन्हात गाडी उभी करा. कापड सैलावतं, परत ताणा. मनासारखं झाल्यावरच चिकटवायचं सोल्यूशन. साधं सोल्यूशन घेऊ नका, एप्रिलमध्ये छपराचा पत्रा तापला की सुटतं. सिंथेटिक रबरचं घ्या, फेविकॉल एसआर वगैरे. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. दारं सताड उघडी ठेवा, वास डोक्यात जातो, आणि आसपास आग नको.

एक युक्ती: दिवा, सन व्हायजर, आरसा यांच्या भोकांत स्क्रू अर्धे पिळून ठेवा. कापड चढल्यावर बोटाने चाचपलं की टोक लागतं. नाहीतर भोक शोधायला नव्या कापडात चार ठिकाणी टोचत बसावं लागतं. मला बसावं लागलं होतं.

कृष्णाकाठ

मृदगंध ताई, हे मी छापून शेडमध्ये लावलंय.

तोरिनोत_मराठी

मी कामानिमित्त इटलीत तोरिनोला आहे, फियाटच्याच गावात. इथे अकराशे डी १९६२ ते ६६ अशी बनली, आणि जपणारी मंडळी आजही आहेत. काचेची आणि दारांची रबरं नवीन बनवून मिळतात. पद्मिनीची बॉडी तीच असली तरी तुमच्या जुन्या रबराचा हातभर तुकडा कापून त्याचा आडवा छेद कागदावर काढून फोटो पाठवा, म्हणजे जुळवून बघता येईल. डिसेंबरमध्ये पुण्याला येतोय, पुढच्या काचेचं रबर जुळलं तर घेऊन येईन.

कृष्णाकाठ

छेदाचा फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. खूप खूप आभार.

डोअर पॅड उघडले. काच फिरवायचं हँडल निघेना, मग दोन तास गेले. शेवटी मागची चकती दाबून बघितली तर आत आडवी पिन होती, बारीक पंचने ढकलली की निघाली. ज्यांच्याकडे घोड्याच्या नालासारखी क्लिप असेल त्यांनी चिंधीचा काठ मागून ओढून बघा, असं गॅरेजवाले सांगतात. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, पॅडचं रेक्झिन फाटतं.

पॅडच्या मागे हार्डबोर्डवर पेन्सिलीने केलेल्या खुणा आहेत. प्रत्येकावर एक आकडा आणि बाण. ज्याने कापले त्याने बसवणाऱ्यासाठी केल्या असणार. एका पॅडवर आकडा आधी चुकीचा लिहून खोडलाय आणि शेजारी बरोबर लिहिलाय. शेडमध्ये बसून मी तो खोडलेला आकडा बराच वेळ बघत होतो.

प्लॅस्टिकचा कागद एकाही दाराला नव्हता. आता नवे पॅड कशाचे करू? दुकानदार प्लायवूड म्हणतोय.

सुईदोरा

प्लाय जाड पडेल, हँडल पूर्ण बसणार नाही. तीन मिमीचा हार्डबोर्डच घ्या. जुन्यावर ठेवून आखा, खालचा फुगलेला भाग समोरच्या बाजूच्या दाराच्या पॅडवरून उलटा करून काढा. भोकं पाडून झाली की दोन्ही बाजूंना आणि मुख्य म्हणजे कडांना व्हार्निशचे दोन हात द्या. पाणी बोर्डात कडेतून चढतं. खालची कड तर व्हार्निशमध्ये बुडवूनच काढा. कारखान्यात हे केलेलं नसतं. आपल्याला वेळ आहे, आपण करायचं.

प्लॅस्टिकचा कागद जाड घ्या. त्याची खालची कड दाराच्या आत, खाचेत सोडायची. बाहेर सोडली तर पाणी त्यावरून घरंगळून पॅडमध्येच येतं. हे इतकं साधं आहे, पण दहातली नऊ दारं मी उलटी लावलेली बघितली आहेत.

आणि पेन्सिलीच्या खुणांचे जुने बोर्ड टाकू नका.

कुर्ला_१०८९

हँडल, कुलपं, दिव्यांच्या काचा लागत असतील तर लवकर हात मारा. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३च्या ऑक्टोबरअखेर संपली. टॅक्स्या भंगारात निघत होत्या तेव्हा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला या गाडीचं काहीही मिळायचं. आता वस्तू आटत चालल्या आहेत. पुण्यात जुन्या बाजारात रविवारी चक्कर मारा. घेताना क्रोम उन्हात धरून बघा, फोड आलेला असेल तर तो आतून गंजलेला असतो, पॉलिशने जात नाही.

स्टिअरिंगच्या तड्यांना तिकोनी खाच पाडा, म्हणजे भरण धरून राहतं. आतली लोखंडी कडी दिसली तर तिचा गंज काढा. मग एम-सील दाबून भरा, थोडं वर येऊ द्या. एक दिवसाने १८०चा पॉलिश पेपर, मग ४००चा, मग ६००चा ओला. शेवटी रंग. हात सतत फिरतो तिथे रंगाचा थर पूर्ण कडक व्हायला आठवडाभर तरी द्या, आधी चालवलीत तर बोटांचे ठसे कायमचे.

मांडवीकाठ

पणजीहून. आमच्याकडे हवेतच पाणी आणि मीठ, त्यामुळे दुरुस्तीपेक्षा राखण्याबद्दल लिहितो.

प्लॅस्टिकचं कव्हर कधीच घालू नका, आत घाम धरतो. सुती कव्हर, तेही छपराखाली. काचा बोटभर खाली ठेवा. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा कोरडा दिवस बघून चारी दारं उघडी टाका आणि गाडी वीसेक मिनिटं तरी चालवा. आम्ही सीटखाली रुंद तोंडाच्या बरणीत कळीच्या चुन्याचे खडे ठेवतो, चुना ओल ओढतो. पण अर्ध्याच्या वर भरू नका, तो फुलतो. मुलं असतील तर ठेवूच नका, आणि त्यावर पाणी सांडू देऊ नका, उकळतो. ज्यांना धास्ती वाटते त्यांनी सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्या.

बुरशी आली तर गाडीत बसून झटकू नका. नाकाला फडकं बांधा, सीट बाहेर काढा, मऊ ब्रशने उन्हात झाडा, मग सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून लगेच कोरडं करा.

रेक्झिनला खोबरेल तेल, बूट पॉलिश, पेट्रोल पंपावर मिळणारं चकचकीत द्रव्य, काहीही लावू नका. रेक्झिन मऊ राहतं ते त्यात कारखान्यातच मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. उन्हाने ते हळूहळू उडून जातं आणि मग चिरा पडतात. उन्हात उभ्या गाडीच्या काचेवर आतून जो धूसर, तेलकट थर येतो ना, त्यात ते द्रव्य असतं. ते परत भरता येत नाही, म्हणून सावली हाच उपाय. खोबरेलाने चार दिवस चमक येते, मग धूळ बसून चिकट होते आणि वासाने उंदीर येतात. उंदरांनी आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीतला काथ्या नेऊन डॅशमागे घरटं केलं होतं, सोबत वायरिंग खाल्लं.

गोदाकाठ

कागदपत्रांचं विचारतो, कारण माझ्याही गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण आलंय. विंटेज नोंदणी करावी का?

कुर्ला_१०८९

जुलै २०२१ चा नियम आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण लागतात, आणि चासिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नको. सीटचं रेक्झिन बदलणं त्यात येत नाही. पण विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर. यांची ७८ची गाडी २०२८ मध्ये पन्नास पूर्ण करेल. तरी आईंना घेऊन फिरायचं असेल तर नेहमीचं पाच वर्षांचं नूतनीकरणच बरं.

आणि कृष्णाकाठ, घाटात जाणार आहात तर फ्लोअर उघडा आहे तोवर सीटबेल्टचा विचार करा. गाडीला मुळात नसतील. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारून उपयोग नाही, ओढ बसली की पत्रा फाटून बोल्ट बाहेर येतो. खालून जाड पट्टी वेल्ड करून त्यात बोल्ट घ्यावा लागतो, आणि ते काम जाणत्या माणसाकडूनच.

कृष्णाकाठ

बरेच महिने लिहिलं नाही, काम चालू होतं.

टाचेखालचा तुकडा वेल्ड झाला, त्याच वेळी बेल्टच्या पट्ट्याही. सीट सुईदोरा यांच्या दुकानात कोल्हापूरला नेली. त्यांच्या वडिलांनी जुना तुकडा उन्हात धरून तीन दुकानांतून रेक्झिनचे नमुने मागवले, आणि चौथ्या दुकानातला घेतला. शिवणीचे पट्टे जुन्याच अंतरावर आहेत. जुन्या काथ्यातला निम्मा चांगला निघाला, तोच परत आत आहे. तोरिनोचं रबर डिसेंबरात आलं, जुळलं. काच काढली त्याच आठवड्यात छत केलं. मागच्या कोपऱ्यात एक सुरकुती राहिली होती, ती चैत्राच्या उन्हात आपोआप गेली. पेन्सिलीच्या खुणांचे बोर्ड फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलेत.

महाबळेश्वरला एप्रिलमध्ये जाऊन आलो. पसरणी घाट चढून. आई पुढे बसली, मधे भाची.

आता खरी परीक्षा पावसाची. जूनमध्ये मॅटखाली चारी कोपऱ्यांत वर्तमानपत्राचे कागद घालून ठेवले होते, म्हणजे थेंब पडला तरी डाग दिसेल. काल रात्री इथे धो धो झाला. सकाळी कागद काढले. तीन कोरडे. उजव्या पुढच्या कोपऱ्यातला कागद तळहाताएवढा ओला. पुढची काच आतून हाताने चाचपली, पूर्ण कोरडी.

कुर्ला_१०८९

कागदाचा ओला डाग दाराच्या बाजूला आहे की डॅशच्या बाजूला?

कृष्णाकाठ

दाराच्या बाजूला. कडेपासून सुरू होऊन आत आलाय.

कुर्ला_१०८९

मग त्रिकोणी काच. तिचं रबर खालच्या खाचेत कडक होऊन उचललं जातं. काच उघडून खाचेतली माती काढा, रबराखाली नखाने दाबून बघा कुठे पोकळ लागतं. नवं मिळेपर्यंत तिथे काळ्या सिलिकॉनची बारीक रेघ द्या आणि कागद परत घालून ठेवा. परवाही पाऊस सांगितलाय.

तोरिनोत_मराठी

छेदाचा फोटो पाठवा.